उसन्या मेंढरांची सोयरीक

मी गाव सोडलं ते शिरड शहापूरच्या स्टँडवरून, सकाळच्या एसटीनं. हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला तो उन्हाळा नुकताच सरला होता. गाडी थांबायच्या आधीच माझा थोरला भाऊ, किसनभाऊ, तिच्याबरोबर पळत गेला आणि खिडकीतून उपरणं आत फेकून त्यानं माझ्यासाठी जागा धरली. मला आत बसवलं, खताच्या धुतलेल्या गोणीत बांधलेलं सामान माझ्या पायांशी ठेवलं आणि मग खाली उतरून तो खिडकीशी येऊन उभा राहिला.

"मधी उठू नको. उठली की जागा गेली," तो म्हणाला. औरंगाबादपर्यंतच्या प्रवासाबद्दल त्याचा एवढाच सल्ला होता. तो स्वतः परभणीच्या पुढे कधी गेला नव्हता.

स्टँडसमोरच्या हॉटेलात बाकड्यावर नामदेवमामा बशीतून चहा पीत बसला होता. आमच्या भागातल्या सोयरिकी जुळवणारा हा माणूस. सगळी पंचक्रोशी त्याला मामा म्हणायची, मीही म्हणायचे, आणि अहोजाहो करायचे. लिहिताना ते अहोजाहो हातातून उतरत नाही, म्हणून सोडून देते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मिशीवरचा चहा पुसला आणि सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं म्हणाला, "बघा रं, पोरगी शिकाया चालली न्हाई. भावाचं लगीन पिशवीत घालून चालली."

माणसं हसली. किसनभाऊ हसला नाही आणि रागावलाही नाही. माझ्या खिडकीच्या गजावरची धूळ तो तळहातानं पुसत राहिला, गाडी हलेपर्यंत.

हे मी कोणासाठी लिहिते आहे ते मला नीट ठरवता आलेलं नाही. तुमच्यासाठी, जे गावातच राहिलात आणि मला पाहिलं की "आली का मास्तरीण" म्हणता. आणि तुमच्यासाठीही, जे माझ्यासारखे बाहेर पडलात आणि होस्टेलच्या खोलीत गावाबद्दल बोलताना आवाज हळू करता. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलेलं नाही, त्यामुळे मोठ्या माणसांबद्दल वाईट कसं लिहायचं हे मला कोणी शिकवलेलं नाही. पण त्या सोयरिकीबद्दल, ती जुळवणाऱ्या आणि सतरंजीवर मांडी घालून बसणाऱ्या माणसांबद्दल मला तिरस्कार वाटतो. शब्द जड आहे. दुसरा शोधला, सापडला नाही.

आमच्याकडे मेंढरं राखणाऱ्या घरांत साटंलोटं करतात. तुमची मुलगी आमच्या मुलाला, आमची मुलगी तुमच्या मुलाला. दोन्ही लग्नं एका मांडवात, एकाच पंगतीत. जमीन नसलेल्या मुलाला सहजी कोणी मुलगी देत नाही, पण बदल्यात बहीण मिळणार असेल तर देतात. ऐकायला हे बरं वाटतं. दोघांचंही भलं झालं, असं म्हणत सगळे पान खातात.

माझी माय अशीच आली. ती आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना दिली, आणि आबांची बहीण, माझी आत्या, मायच्या भावाला दिली, तिकडे हट्ट्याच्या बाजूला. माय आणि आबांचं कधी फार वाजलं नाही. तिकडे आत्याचं रोज वाजायचं. आत्याच्या नवऱ्याच्या, म्हणजे माझ्या सख्ख्या मामाच्या डोक्यात राग शिरला की तो आत्याला माहेरी हाकलून द्यायचा. आत्या इकडे पोचायच्या आतच निरोप पोचलेला असायचा, आणि माझे आजोबा मायला सांगायचे, "त्यांनी आमची धाडली, आता तू पण नीघ." मायचं काही चुकलेलं नसायचं. पण आमची परत आली तर तुमचीही परत, हा हिशेब बराबर आहे असं सगळ्या म्हाताऱ्यांना वाटायचं.

एकच वाट. त्यामुळे दोघी निम्म्यावर, एका ओढ्यापाशी, समोरासमोर यायच्या.

"काय ग, आज कशापायी?" माय विचारायची.

"कालवणात मीठ जास्त झालं."

"कोणाच्या?"

"माझ्या."

"अन् घर सोडून मी चालले!"

मग दोघी हसायच्या, बाभळीखाली बसायच्या, फडक्यातली भाकरी वाटून खायच्या आणि आपापल्या माहेराकडे चालू लागायच्या. पुरुषांचं भांडण मिटलं की पुन्हा तीच वाट, उलट्या दिशेनं. माय हे सांगताना नेहमी हसते. "आमी दोघी नांदलो कमी अन् चाललो जास्त," असं म्हणते. लहानपणी मीही हसायचे. मोठी झाल्यावर हसू थांबलं. त्या वाटेवर ज्यांचं काही चुकलं नव्हतं त्या चालत होत्या, आणि ज्यांचं चुकलं होतं ते पारावर बसून न्याय करत होते.

मी बारावी पास झाले तेव्हा किसनभाऊच्या वयाच्या मुलांची लेकरं शाळेत जाऊ लागली होती. आमचं घर मातीच्या भिंतींचं, वर पत्रे. जमिनीचा एक खडकाळ तुकडा, बाकी सगळं मेंढरांवर. शाळेतल्या सरांनी मला औरंगाबादच्या सरकारी होस्टेलबद्दल सांगितलं होतं आणि कॉलेजात माझं नावही लागलं होतं. त्याच आठवड्यात नामदेवमामा आला. डोंगरकडा गावाकडचे लोक होते. त्यांची मुलगी किसनभाऊला, आणि मी त्यांच्या मुलाला.

मी गेले तर भाऊ उभा जन्म एकटा. मी राहिले तर कॉलेज संपलं. घरात हे कोणी मोठ्यानं बोललं नाही. आबा म्हणाले, "पाहुणे घर पाहून जाऊ देत, मग बघू." माय म्हणाली, "बघू म्हंजी झालंच."

घर पाहणं हा आमच्याकडचा मोठा सोहळा आहे, आणि त्यात सगळं गाव सामील असतं. पाहुणे येणार म्हटलं की ज्याच्याकडे जे आहे ते तो दिवसभरासाठी देतो. आज त्याच्या अंगणात माझी वस्तू, उद्या माझ्या अंगणात त्याची. कोणी याला खोटं म्हणत नाही, मदत म्हणतात. आमच्याकडे सरपंचाच्या घरून लोखंडी कपाट आलं. चौघांनी खांद्यावर आणलं. किल्ली सरपंचाच्या बायकोनं दिली नाही, आत तिच्या साड्या होत्या. दारात एक मोटरसायकल लागली, तिच्यात पेट्रोल नव्हतं. नामदेवमामा अंगणाच्या मधोमध उभा राहून हुकूम सोडत होता. "कपाट तिथं न्हाई, दारातून दिसंल असं ठिवा. घोंगड्या आत टाका, वास येऊन राहिला."

मेंढरं मात्र कमी पडत होती. पाहुणे स्वतः मेंढरं राखणारे, ते आधी मेंढरांच्या वाड्याकडेच बघणार. मग गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या गंगारामकाकांच्या मेंढ्या आणून आमच्या वाड्यात घालायचं ठरलं. त्या नुकत्याच व्यालेल्या होत्या.

"अन् कोकरं?" आबांनी विचारलं.

"कोकरं कशाला पायजेत? बारकी असत्यात, वरडत्यात, माणसाचं बोलणं ऐकू येत न्हाई. तिकडंच कोंडून ठिवा. तासाभराचं तर काम."

आबांचा जन्म मेंढरांमागे गेला होता. नामदेवमामानं आयुष्यात एक करडूसुद्धा पाळलं नव्हतं. तरी आबांनी त्याचंच ऐकलं, कारण तो मामा होता आणि घरात लग्नाचा मुलगा होता. किसनभाऊ त्या वेळी माळावर होता. दुपारी त्याला बोलावून आणलं, पांढरा सदरा घातला, टोपी घातली आणि खांबाला टेकून बसवलं.

पाहुणे दुपारी येणार होते, ते उन्हं कलताना आले. वाटेत काही अडचण नव्हती. आमच्यात वेळेवर आलेला पाहुणा हलका समजतात, म्हणून ते फाट्यावरच्या हॉटेलात बसून राहिले होते, असं नंतर कळलं.

सतरंजीवर सात-आठ माणसं बसली. त्यांचा म्होरक्या मुलाचा चुलता, मोठ्या फेट्याचा. माझ्या हातात पोह्यांचं ताट दिलं होतं.

"चाल बरं बाई, त्या कपाटापस्तोर," चुलता म्हणाला.

मी सरपंचाच्या कपाटापर्यंत चालून दाखवलं आणि परत आले. केस सोडायला सांगितले, सोडले. कोणीतरी म्हणालं, "वाचता येतं का?"

"बारावी हाय ती," नामदेवमामा म्हणाला.

"तरी पण. ऐकू तरी दे."

चुलत्यानं शेजारी पडलेला पेपर उचलून माझ्यासमोर धरला, उलटा. मी हात पुढे करून तो सुलटा केला आणि सोयाबीनच्या भावाची बातमी वाचली. आबांनाही वाचता येत नाही, त्यात मला कधी लाज वाटली नाही. पण ज्याला येत नाही त्यानं परीक्षा घ्यावी, आणि मी पेपर सुलटा केला म्हणून सगळ्यांचे चेहरे उतरावेत, हे मला आजही गिळता येत नाही.

"पोरगी जरा आगाव दिसते," चुलता म्हणाला.

"शिकलेली हाय ना," नामदेवमामा हसत म्हणाला. "लगीन झालं की उतरतं ते."

पोहे झाले. चहा आला. सुपारी फोडायचं ताट मधे ठेवलं. आणि वाड्यात गोंधळ सुरू झाला.

दिवसभर कास भरून तटतटलेल्या मेंढ्यांना लांबून कोकरांचं ओरडणं ऐकू गेलं असावं. एकीनं कुंपणावरून उडी घेतली, मग दुसरीनं, मग काटेरी कूड आडवं झालं आणि पांढरा-काळा लोंढाच्या लोंढा सतरंजीच्या समोरून, मोटरसायकल पाडून, गंगारामकाकांच्या घराकडे धावत सुटला. वाड्यात राहिली ती आमची. ती किती थोडी होती हे आता सगळ्यांना दिसत होतं.

पाहुण्यांतला एकही माणूस असा नव्हता ज्याला काय झालं ते कळलं नाही. चुलत्यानं चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "मेंढरं चरायला निघाली वाटतं."

"व्हय, चरायची येळच हाय," नामदेवमामा म्हणाला. सूर्य बुडत होता.

"चारा बरा दिसतो या बाजूला."

"लई बरा."

कोणी हसलं नाही. मी दाराआड उभी राहून वाट पाहत होते की आता कोणीतरी म्हणेल, हे काय चाललंय. कोणी म्हणालं नाही, कारण आमची माणसं आधी त्यांचं घर पाहायला गेली तेव्हा तिकडेही दारात दुसऱ्याचाच ट्रॅक्टर उभा होता, आणि आबांनीही तो पाहून न पाहिल्यासारखा केला होता. त्या दिवशी दोन्ही घरांत उसन्या न आणलेल्या आम्ही दोघीच होतो, त्यांची मुलगी आणि मी, आणि आमचीच अदलाबदल व्हायची होती.

तेवढ्यात किसनभाऊ उठला.

"बस खाली," नामदेवमामा दबक्या आवाजात म्हणाला. "सुपारी व्हायची हाय."

"कोकरं तुडवतील," भाऊ म्हणाला. "तिकडं दार बंद हाय. घरी कोणी न्हाई, सगळे इथंच हायेत."

"गंगाराम जाईल की."

गंगारामकाकांचा पाय अधू होता. भाऊनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, टोपी काढून खांबाशी ठेवली, आणि नव्या सदऱ्यात मेंढरांमागे पळत गेला.

चुलत्यानं कप खाली ठेवला. "उठला?" तो म्हणाला. "आमी बसल्यालो असताना उठला? सुपारीच्या आधी?"

आबांनी हात जोडले. नामदेवमामानं पोराला बोलवायला दोन माणसं पाठवली. माणसं परत आली, भाऊ आला नाही. तिकडे मेंढ्या दारावर धडका देत होत्या आणि आत कोकरं दारालाच चिकटून उभी होती. तो मागच्या कुडातून आत शिरून एकेक कोकरू बाजूला करत होता. चुलता वाट पाहून उठला. फेटा सारखा केला. "ज्याला बैठकीची रीत कळत न्हाई त्याला आमी लेक देत न्हाई," म्हणाला, आणि सगळे गेले.

उसनी मेंढरं त्यांनी पचवली. कुलूप लावलेलं कपाट पचवलं. उलटा पेपरही पचवला. एक माणूस खरं काम करायला उठला, ते मात्र त्यांना पचलं नाही. पाच वर्षं मी कॉलेजात समाजाबद्दल बरंच वाचलं आहे, पण एवढा मूर्खपणा एका सतरंजीवर मावलेला मला पुस्तकात सापडलेला नाही.

भाऊ परत आला तेव्हा सदऱ्यावर दूध आणि लेंड्या होत्या. "एक दबलं," तो मायला म्हणाला. "बाकी पेली." माय त्याच्या हातावर पाणी ओतत राहिली. नामदेवमामा जाता जाता अंगणातून ओरडला, "मेंढरामागं पळणाऱ्याला बायकू कशाला पायजे!"

मी भाऊला एकदा विचारलं होतं, तू माझ्यासाठी उठलास का. पुष्कळ दिवस मला तसंच वाटत होतं. तो म्हणाला, "न्हाई ग. त्या टायमाला तू ध्यानातच नव्हती." त्याला खोटं बोलता आलं असतं. तो बोलला नाही.

त्या संध्याकाळी माय चुलीपुढे बसून मला म्हणाली, "आता दुसरे पाहुणे यायच्या आत नीघ. काहून रडून राहिली? मी चालले तसं तुला चालायचं न्हाई." खताची गोणी आबांनीच धुतली.

औरंगाबादला आले तेव्हा मला खरंच वाटलं होतं की हे सगळं मागे राहिलं. होस्टेलच्या मेसमध्ये गव्हाची पोळी रोज मिळते याचंच मला किती दिवस नवल वाटत होतं. मुली इंग्रजी पेपर वाचायच्या. जीन्स घालायच्या. माझ्या बोलण्यातला 'न्हाई' ऐकून हसायच्या, आणि मी तो हळूहळू गिळायला शिकले. आता तो फक्त गावाच्या फोनवर बाहेर येतो.

मग दुसऱ्या वर्षी माझ्या खोलीतल्या लातूरच्या मुलीला 'बघायला' येणार होते. तिनं एकीची सिल्कची साडी घेतली, दुसरीची चेन, तिसरीचे सँडल. फोटो स्टुडिओत काश्मीरच्या पडद्यासमोर उभं राहून बायोडाटासाठी फोटो काढला. बायोडाटात 'गृहकृत्यदक्ष' असं लिहिलं होतं आणि तिला चहासुद्धा करता येत नव्हता. मुलगा पुण्यात इंजिनिअर, गाडीतून आला. गाडी त्याच्या मित्राची होती, हे तिला लग्नानंतर कळलं. मी तिला मेंढरांची गोष्ट सांगितली तेव्हा ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "बाप रे, तुमच्याकडे अजून असं चालतं?"

मी काय सांगणार होते? सतरंजीच्या जागी सोफा आला होता, एवढाच फरक मला दिसत होता. वधू-वर सूचक मंडळाच्या ऑफिसात एक बाई टाय लावलेल्या माणसासारखी कडक बसते आणि विचारते, "अपेक्षा काय?" तिच्यापेक्षा नामदेवमामा बरा, तो निदान पोहे आवडीनं खायचा. शहरात आलेल्या तुम्हा सगळ्यांना हे सांगताना मला संकोच वाटतो, पण तुमचाही मला तितकाच राग येतो. गावाला हसायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?

इकडे माझी परीक्षा, निकाल, एम.ए.चा प्रवेश असं एकेक होत गेलं, आणि तिकडे किसनभाऊ एकटाच होता. आणखी दोन-तीन ठिकाणी बोलणी झाली. सगळ्यांना बदल्यात बहीण हवी होती. भाऊनं मला ते कळू दिलं नाही, मायनं सांगितलं. सुट्टीत घरी गेले की मला माझीच वाटी, माझीच जागा परकी वाटायची. घर म्हणजे ज्या भावाच्या जिवावर मी सुटले त्याचं ठिकाण. तिथे दोन दिवसांच्या वर राहवायचं नाही.

गेल्या दिवाळीत नामदेवमामा पुन्हा आमच्या अंगणात आला. आता त्याची भाषा बदलली होती. "पोराची बहीण येम्ये करून राहिली, हे सांगितलं की समोरच्याला भरवसा येतो," तो मला म्हणाला. "बैठकीला तू चल. चांगली साडी नेस. जास्त बोलू नको." म्हणजे या खेपेला कपाट मीच होते. मी नाहीच म्हणणार होते. पण किसनभाऊ म्हणाला, "येशील का? तुला बोलता येतं."

औंढ्याच्या पलीकडचं गाव. बाईचं नाव कौसल्या. तिचंही साटंलोटं झालेलं. तिच्या भावानं रागात बायकोला हाकललं, म्हणून कौसल्येच्या नवऱ्यानं तिला हाकललं. भावाची बायको पुढे परत आली. कौसल्येच्या नवऱ्यानं तोवर दुसरी केली होती, म्हणून आता तिच्या बदल्यात कोणी बहीण मागत नव्हतं. तिला एक लहान मुलगी होती, आणि ती आम्हाला दिसू नये म्हणून नामदेवमामाच्या सांगण्यावरून शेजारी नेऊन ठेवली होती. हे मला वाटेत त्यानंच मोठ्या हुशारीनं सांगितलं. "लेकराचं नंतर बघू. आधी सुपारी फुटू दे."

सतरंजीवर मी पहिल्यांदाच बसत होते. एका म्हाताऱ्यानं आतल्या बाईबद्दल "काम झेपतं का तिला?" असं बैलाबद्दल विचारावं तसं विचारलं, आणि मला तिथे बसवेना. मी उठून आत गेले. सुपारीच्या आधीच.

कौसल्या चुलीपाशी चहा करत होती. माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती.

"तुमची जागा तिकडं," ती म्हणाली. "का हात-पाय बघाया आल्या?"

"नाही. तुम्हाला काही विचारायचं असेल तर... म्हणून आले."

ती माझ्याकडे बघत राहिली. चहा उतू जाऊ लागला तसा तिनं खाली घेतला. "घर कसं हाय?"

मी सांगितलं. भिंती मातीच्या, वारा सुटला की पत्रे वाजतात. पाणी हापशावरून आणावं लागतं. मेंढरं थोडी. उन्हाळ्यात भाऊ कळप घेऊन महिनोन् महिने बाहेर असतो. मायचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिची चिडचिड होते. आबा कोणाशी भांडत नाहीत, पण कोणाची बाजूही घेत नाहीत. भाऊ दारू पीत नाही. राग आला तर मेंढरांत जाऊन बसतो.

"मामा तर लई मोठं घर सांगून राहिला होता."

"मामाचं सोडा."

"अन् माझी पोरगी?"

"ती येईल ना तुमच्याबरोबर."

"हे कोणी ठरवलं?"

कोणीच ठरवलं नव्हतं. मी तशीच बाहेर गेले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊ, यांना एक मुलगी आहे. शेजारी ठेवली आहे. तिचं काय?"

नामदेवमामानं कपाळावर हात मारला. किसनभाऊ माझ्याकडे बघू लागला, जणू मी काही विचित्र विचारलं. "मग?" तो म्हणाला. "आई एकीकडं अन् लेकरू एकीकडं कसं ठिवता येईल? आणा की तिला. चहा घेतल का ती?"

आत गेले तर कौसल्या भिंतीला पाठ लावून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. डोळे पुसले आणि म्हणाली, "त्यांचं कळलं. आता तुमचं सांगा. तुमी घरी येता का?"

"येते की. दिवाळीला, उन्हाळ्यात."

"तसं न्हाई विचारलं. उद्या माझं तिथं काही वाजलं तर मी कोणाला सांगू? पहिल्या घरी मार खाल्ला त्याची तकलीफ न्हाई वाटली, सांगायला कोणी नव्हतं त्याची वाटली."

एवढं मोठं वचन मी कोणाला दिलं नव्हतं, आणि कोणी मागितलंही नव्हतं. "मला सांगा," मी म्हणाले. "मी येईन. परीक्षा असली तरी येईन."

"बास," ती म्हणाली. "हा चहा न्या बाहेर. न्हाई, ऱ्हाऊ द्या, मीच नेते."

लग्न मारुतीच्या देवळात झालं. नामदेवमामानं टोपी-टॉवेलाचा मान घेतला आणि ही सोयरीक आपण कशी जुळवली ते गावभर सांगितलं. अजूनही सांगतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्याच्याकडूनच ऐकलं असेल. माझा तिरस्कार त्यामुळे वाढला, कमी झाला नाही, आणि तो कमी व्हावा असंही मला वाटत नाही.

घर म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर पूर्वी मी विषय बदलायचे. आता एवढं सांगता येतं की त्या घरात एक बाई माझ्या शब्दावर नांदायला आली आहे. मी तिथे राहत नाही, बहुधा पुन्हा कधी राहणारही नाही. पण तिथे काय चाललं आहे याची जबाबदारी आता माझी आहे, आणि ती कोणी माझ्या बदल्यात घेतलेली नाही, मीच घेतली आहे.

गावातल्या दुकानात फोन आहे. आठ-पंधरा दिवसांनी होस्टेलच्या खालच्या मजल्यावरून रेक्टर बाई ओरडतात, "शेवंता, गावाहून!" मी हातातलं टाकून धावते. मी उचलल्यावर पलीकडे आधी दुकानातला गलबला ऐकू येतो, मग कौसल्या.

"काय झालं वहिनी? काही वाजलं का?"

"न्हाई वो. पोरीचं शाळेत नाव घातलं. असंच केला."

बहुतेक वेळा असंच असतं. तरी मी दर वेळी जिना पळतच उतरते.